नाकावरची कात्री

"माझ्या कपाळावर कचऱ्याची बादली ठेवलीय, हे तुम्हाला माहीत आहे का?" बायकोने घरात पाऊल टाकता टाकता विचारलं.

पाटीवाला कॉम्प्युटरवर एका दातांच्या दवाखान्याच्या पाटीतला वाकडा ‘दा’ सरळ करत बसला होता. त्याने खुर्चीतूनच मान वळवून तिच्या कपाळाकडे पाहिलं. बादली नव्हती. आठ्या मात्र भरपूर होत्या.

"इथे नाही हो, तिथे!" तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "करा बरं ते काम बाजूला. बघू दे मला माझं तोंड."

पाटीवाल्याने ‘दा’ तसाच वाकडा सोडला आणि पडद्यावरची कामाची खिडकी खाली केली. मागे बायकोचा फोटो होता. म्हणजे असायला हवा होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहलीत काढलेला तो फोटो त्याने मोठ्या हौसेने पडद्यावर लावला होता, आणि मग कामं येत गेली तशी एकेक वस्तू त्याच्यावर येऊन बसली होती. प्रोग्राम, फायली, फायलींच्या नकला, नकलांच्या नकला. त्या गर्दीतून बायको शोधायची तर आधी ती कुठे आहे हे ठाऊक असावं लागे.

"दिसतेय की," पाटीवाला म्हणाला.

"दिसतेय? डाव्या डोळ्यात अक्षरांचा प्रोग्राम, कानात टपाल, गालावर आकडेमोडीचं यंत्र, आणि कपाळावर बादली! धाकटीकडे जाऊन बघा एकदा. पडद्यावर तिचा फोटो, आणि त्याच्यावर एक ठिपका नाही. नुसती हसत बसलीय बया. आणि धाकटीचे ते काय करतात, माहितेय? तीन बटणं दाबतात एकदम, की हवं ते पुढ्यात हजर! शोधाशोध नाही, चिडचिड नाही."

धाकटीचे ते म्हणजे पाटीवाल्याचा साडू. साडू हे नातंच मोठं अवघड. भाऊ आपल्याला जन्माने मिळतो, मित्र आपण निवडतो, आणि साडू मात्र निवडतो आपला सासरा. तोही आपल्यानंतर, म्हणजे अनुभवाने शहाणा होऊन! पाटीवाल्याच्या सासऱ्याने दुसऱ्या खेपेला फारच शहाणपण दाखवलं होतं. साडू उंच होता, त्याचे केस शाबूत होते, त्याच्या बुटांना कायम पॉलिश असे, आणि आता त्याचा कॉम्प्युटरही चकचकीत निघाला होता. बायको माहेरच्या कुठल्याही कार्यक्रमाहून परतली की पहिलं वाक्य ‘धाकटीचे ते’ असंच सुरू होई. आपल्याबद्दल ती धाकटीकडे जाऊन असं एखादं वाक्य बोलेल का, ‘आमच्या ह्यांच्यासारखं मात्र कुणाला जमायचं नाही’ एवढं एकच, ही पाटीवाल्याची फार जुनी इच्छा होती. लग्न झाल्यापासून तो त्या वाक्याची वाट पाहत होता.

"आणि हो, त्यांनाच विचारलं मी," बायको पुढे म्हणाली. "म्हणाले, एका दुपारचं काम आहे. येतो आणि लावून देतो सगळं."

"काय लावून देतो?" पाटीवाला खुर्चीतून अर्धवट उठला. "माझ्या बायकोच्या तोंडावर काय कुठे ठेवायचं ते आता साडू ठरवणार?"

"काही ठेवायचं नाहीये. काढायचंय."

"मी काढीन. मला हात आहेत."

"जळता तुम्ही त्यांच्यावर, दुसरं काही नाही," असं म्हणून बायको आत गेली.

आता खरी गोष्ट अशी होती की पाटीवाल्याला त्या पसाऱ्यात कधी काही शोधावंच लागत नसे. बायकोचं तोंड त्याला पाठ होतं. अक्षरांचा प्रोग्राम हवा असला की हात आपोआप डाव्या डोळ्याकडे जाई. आकडेमोड उजव्या गालावरच्या तिळावर. ग्राहकांची टपालं कानात. ‘विचार करून सांगतो’ म्हणून गेलेले आणि परत न फिरकलेले ग्राहक हनुवटीखाली. आणि चिकट कागदातून अक्षरं कापणारं जे यंत्र मागच्या खोलीत होतं, ते चालवणारा प्रोग्राम, त्याचं चित्र कात्रीचं, बरोब्बर नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, त्याच्याशी बोलता बोलता, न बघता तो बायकोच्या नाकावर दोनदा टिचकी मारी आणि मागच्या खोलीतलं यंत्र घरघरू लागे. पण हे त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी नवऱ्यांना वेळेवर सुचत नाहीत.

त्याच संध्याकाळी साडूचा फोन आला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं.

"दादा, एक आनंदाची बातमी! नोकरी सोडली. स्वतःचं दुकान टाकतोय. लोकांचे कॉम्प्युटर नीट लावून द्यायचे. कसंय, लोकांना रोजच्या चार गोष्टी लागतात आणि त्याच सापडत नाहीत."

"अरे वा," पाटीवाला म्हणाला. हे दोन शब्द बोलताना त्याच्या पोटात नेमकं कुठे दुखलं ते त्यालाच ठाऊक.

"नाव ठेवलंय ‘झटपट संगणक सेवा’. पाटी मात्र तुमच्याच हातची हवी, दादा. माझ्या जुन्या ऑफिसचे मोठे साहेब येणारेत पडदा बाजूला करायला."

"करू की. खाली काही लिहायचंय?"

"हो, खाली दुसरी ओळ. ती ठरली की कळवतो. वरचं नाव तेवढं करून ठेवा."

फोन ठेवल्यावर पाटीवाल्याने बायकोला बातमी दिली. तिचा चेहरा क्षणभर पडला, मग तिने तो उचलून जागेवर ठेवला. "चांगलंय की. आता धाकटी मालकीणबाई होणार. बरं, ऐका. पाटी अशी झाली पाहिजे की कुणी बोट ठेवता कामा नये. जरा काही कमीजास्त झालं, तर सगळे म्हणतील, ह्यांनी मुद्दाम केलं. तुमचा स्वभाव माहितेय सगळ्यांना."

"माझा स्वभाव?"

"जळका."

पाटीवाल्याने तेव्हाच, नाकावर दोनदा टिचकी मारून, ‘झटपट संगणक सेवा’ ही ओळ कापायला लावली. आतल्या टेबलावर बायकोने नेहमीप्रमाणे आजूबाजूचा फालतू कागद सोलून काढला आणि निळी अक्षरं पांढऱ्या फळ्यावर बसवली. त्यांच्या घरात काम असंच चाले. पुढच्या खोलीत तो मजकूर करी, मधल्या भिंतीपलीकडे यंत्र कापी, आणि बायको चिकटवी. तिला काही खटकलं तर ती आतूनच ओरडे, "अहो, ‘भांडार’वरचं टिंब कुठे गेलं?" तिच्या त्या ओरडण्यावर आजवर कितीतरी दुकानांची अब्रू वाचली होती.

रविवारी दुपारी पाटीवाला तोंड साफ करायला बसला. सुरुवात त्याने बादलीपासून केली. ती कपाळावरून उचलून पार खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग एकेक वस्तू उचलून डाव्या कडेला रचू लागला. जुन्या पाट्यांच्या फायली एका कप्प्यात कोंबल्या. हनुवटीखालचे ग्राहक त्याने जड मनाने पुसून टाकले. डोळा उघडा पडला, गाल उघडा पडला, तीळ दिसू लागला. पाटीवाल्याला स्वतःलाच बरं वाटलं. आपली बायको तरुणपणी बरी दिसत होती हे तो कामाच्या गडबडीत विसरूनच गेला होता.

मग रोज लागणाऱ्या गोष्टींसाठी बटणं ठरवायची वेळ आली. साडू तीन बटणं एकदम दाबतो काय? पाटीवाला एकच दाबणार होता. कळफलकावर सगळ्यात वरची जी रांग असते, एफ-वन, एफ-टू वगैरे, ती आजवर नुसती धूळ खात होती. त्याने फुंकर मारून ती धूळ उडवली आणि एफ-टूला अक्षरं, एफ-थ्रीला टपाल अशी वाटणी सुरू केली. काम खरंच सोपं होतं. साडू उगाच त्याचं दुकान टाकतोय, हा विचार मनात येऊन त्याला फार समाधान झालं.

एफ-फोर कात्रीसाठी राखून ठेवलं होतं. कडेच्या ढिगात कात्र्या दोन होत्या. एक खुद्द प्रोग्राम. दुसरी म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये केलेली एक फाइल. सार्वजनिक संडास-मुताऱ्यांच्या कंत्राटदाराला एकाच मजकुराच्या पाट्या पुन्हा पुन्हा लागत, म्हणून ती हाताशी ठेवलेली. दोघींचं चित्र सारखं, कात्रीचं. खाली नाव म्हणाल तर दोन्हीकडे नुसतं ‘कटिंग’ आणि पुढे तीन टिंबं. आजवर कधी घोटाळा झाला नव्हता, कारण नाकावरची कात्री म्हणजे प्रोग्राम आणि नाकाखालची, ओठावरची, म्हणजे कंत्राटदार. पण आता नाकही नव्हतं आणि ओठही नव्हता. ढिगात एकीखाली एक पडलेल्या त्या दोन कात्र्यांकडे पाटीवाल्याने थोडा वेळ पाहिलं आणि जी जरा ओळखीची वाटली तिला एफ-फोर देऊन टाकलं. दुसरी त्याने जुन्या फायलींच्या कप्प्यात ढकलली.

राहता राहिल्या उजव्या बाजूच्या फायलींच्या रांगा. त्या त्याने घोळक्याने उचलल्या, आणि त्यांच्याखालून मेहुणी निघाली.

पाटीवाला दचकलाच. फोटो सहलीतला होता, दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या होत्या, हे तो साफ विसरला होता. इतकी वर्षं ती फायलींखाली गाडलेली होती. आता अचानक उजेडात आली ती केस वाऱ्यावर उडवत, मान तिरकी करून, फोटोवाल्याकडे बघून मनापासून हसत. शेजारी बायको उभी होती खरी, पण तिचे डोळे नेमके त्या क्षणी अर्धवट मिटले होते. डावा डोळा अक्षरांच्या प्रोग्रामखाली आणि उजवा फायलींखाली असल्यामुळे आजवर ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"झालं का हो?" म्हणत बायको हात पुसत बाहेर आली, ती पडद्यासमोर उभीच राहिली.

"बघ, एक ठिपका नाही," पाटीवाला घाईघाईने म्हणाला.

"ही कोण?"

"ही... धाकटी. तुझीच बहीण."

"ते मला दिसतंय. घरात माझे एवढे फोटो असताना तुम्हाला लावायला हाच मिळाला? मी झोपेत, आणि ती अशी!"

"अगं, ती तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं!"

"माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं रोज दहा तास समोर बसता आणि माहीत नव्हतं!"

"फायलींखाली होती ती."

"लपवून ठेवली होती म्हणा ना," बायको म्हणाली, आणि तिथून अबोला सुरू झाला.

हा अबोला साधा नव्हता. पूर्वीच्या अबोल्यांत ती निदान भिंतीला तरी सांगत असे, "जेवण वाढलंय" वगैरे. ह्या खेपेला भिंतीशीही बोलणं बंद झालं. पाटीवाल्याने आपल्या परीने प्रायश्चित्त घेतलं. फोटोतून मेहुणीला कापून काढलं आणि बायकोला ताणून पडदाभर मोठं केलं. त्यामुळे तिचे अर्धे मिटलेले डोळे आणखीच मोठ्या प्रमाणावर मिटलेले दिसू लागले. तरी येता-जाता तिला स्वतःचा चेहरा दिसत राहावा म्हणून तो प्रत्येक प्रोग्रामची खिडकी आवळून, काडेपेटीएवढी करून, पार कोपऱ्यात ठेवू लागला. कापायच्या प्रोग्रामचं तर ‘सुरू करा’ एवढं बटण तेवढं कोपऱ्यात दिसेल, अशी व्यवस्था झाली. काय कापलं जाणार आहे ते दिसायला जागाच उरली नाही. बायको मात्र पडद्याकडे न बघता जाई.

इकडे साडूची दुसरी ओळ काही ठरत नव्हती. ‘आपला कॉम्प्युटर, आमची जबाबदारी’ अशी एक आली. ती रद्द होऊन ‘शोधू नका, दाबा’ आली. मेहुणीला ती बरी वाटली नाही. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फोन आला. "दादा, फायनल! लिहून घ्या. ‘एका बटणावर सारं समोर’."

"एका बटणावर?" पाटीवाला म्हणाला. "तुम्ही तर तीन दाबता ना?"

"ते मी, दादा. लोकांसाठी एक."

पाटीवाल्याने एफ-टू दाबून अक्षरं काढली, ओळ छान गोलसर टायपात मांडली, टिंब-वेलांट्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या आणि साठवून ठेवली. मग एफ-फोर दाबलं; साफसफाईनंतर कापायचं काम आज पहिल्यांदाच निघालं होतं. पूर्वी कात्री उघडली की ती विचारत असे, कुठली फाइल? आज तिने काही विचारलंच नाही. एकदम ‘तयार’ म्हणून उभी राहिली. पाटीवाला खूश झाला. साडूची तीन बटणं दाबूनही इतक्या लवकर काही होत नसेल! त्याने ‘सुरू करा’ दाबलं, मागच्या खोलीत घरघर सुरू झाली आणि तो उठून चहा करायला गेला. हल्ली तो स्वतःच करावा लागे.

चहा पिताना त्याने आतला कानोसा घेतला. यंत्र थांबलं होतं. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग कागद सोलल्याचा आवाज आला, मग फडक्याने घासून पुसल्याचा, आणि थोड्या वेळाने चक्क गुणगुणण्याचा. पाटीवाल्याच्या मनावरचं ओझं उतरलं. राग निवळतोय, त्याला वाटलं. तो आत डोकावला तेव्हा बायको फळ्यावर जाड कागद गुंडाळत होती. वरची ‘झटपट संगणक सेवा’ ही ओळ अजून दिसत होती. ती सरळ होती, ठसठशीत होती. एरवी गुंडाळण्याआधी तो सगळी पाटी एकदा बघत असे, पण आता बायको गुणगुणत होती, आणि गुणगुणणाऱ्या बायकोला ‘थांब, उघड’ म्हणायची त्याची छाती झाली नाही. तिने सुतळीची गाठ मारली आणि त्याच्याकडे न बघता फळा त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवाला पाटी घेऊन साडूच्या दुकानावर पोचला. साडूने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "कागद काढू नका, दादा. तसाच ठोका. वरून पडदा सोडू आणि साहेब आले की दोन्ही एकदमच काढू. मलासुद्धा आधी बघायची नाही." पाटीवाल्याने शिडीवर चढून पाटी ठोकली. कागद ओढला की निघून येईल असा सैल केला आणि त्यावर मेहुणीने दिलेला जांभळा पडदा टाकला.

संध्याकाळी सगळं सासर जमलं. सासरे नव्या चपला घालून आले होते. सासूबाई खुर्चीत पुढेच बसल्या होत्या. त्यांना एक जुनी सवय होती: पाटी दिसली की मोठ्याने वाचायची. साडूचे साहेब जाडजूड आणि गंभीर होते. मेहुणी एखाद्या मालकिणीला शोभेल अशी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती आणि फिरताना बहिणीला म्हणत होती, "ताई, तू बस ना. तू कशाला त्रास घेतेस?" बायको बसली. तिचा अबोला अजून चालूच होता.

साहेबांनी छोटंसं भाषण केलं. "आजच्या काळात माणसाला काय हवंय? तर रोजची गोष्ट हाताशी. ती देण्याचं काम हा मुलगा करणार आहे." टाळ्या झाल्या. साहेबांनी दोरी ओढली. पडदा सुटला, कागद फडफडत खाली आला आणि सासूबाईंनी वाचायला सुरुवात केली.

"झटपट संगणक सेवा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "वापर झाल्यावर भरपूर पाणी ओतावे."

पुन्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. काहींनी पाटीकडे पाहिलं, काहींनी सासूबाईंकडे. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा वाचलं. ह्या वेळी अधिक स्पष्ट.

"पाणी?" साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरवर?"

मागे उभा असलेला शेजारचा न्हावी फुटला. त्याचं हसू ऐकून रस्त्यावरची दोन माणसं थांबली, त्यांनी पाटी वाचली आणि तीही हसायला लागली. त्यातल्या एकाने विचारलं, "आत जायला काही पैसे पडतात का हो?"

साडूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "दादा," तो म्हणाला, "हे काय आहे?"

पाटीवाल्याच्या पायांखालची जमीन सरकली होती. "मी... हे माझं नाही. म्हणजे माझंच आहे, पण तुमचं नाही. ते संडासवाल्या कंत्राटदाराचं आहे. अहो, मी एफ-फोर दाबलं! एकाच बटणावर! दोन कात्र्या होत्या, एक नाकावर, एक नाकाखाली..."

"कुणाच्या नाकावर?" साहेबांनी विचारलं.

"हिच्या!" पाटीवाल्याने बायकोकडे हात केला. बायकोने मान खाली घातली.

"बिचारी," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "मान वर करायची सोय ठेवली नाही तिला."

पाटीवाला जिवाच्या आकांताने सांगत सुटला. प्रोग्रामची कात्री आणि फायलीची कात्री, दोघींचं एकच चित्र, बटण दिलं ते प्रोग्रामला नाही तर फायलीला, खिडकी काडेपेटीएवढी केली होती म्हणून दिसलं नाही. सांगता सांगता त्यालाच कळलं, की इतकी खोटी वाटणारी खरी गोष्ट त्याने आजवर ऐकली नव्हती.

साहेबांनी साडूकडे वळून विचारलं, "तुझा हा विषय. असं होऊ शकतं का?"

साडूने क्षणभर विचार केला. धंद्याचा पहिला दिवस होता आणि पहिलाच सल्ला मागितला गेला होता. "नाही, साहेब," तो ठामपणे म्हणाला. "अशी चूक शिकाऊ माणूससुद्धा करत नाही. प्रोग्राम सोडून कुणी फायलीला बटण देतं का?"

"म्हणजे मुद्दाम!" मेहुणी ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "भावोजी, तुम्हाला पहिल्यापासून ह्यांचं चांगलं झालेलं बघवत नाही. ताईकडे बघून गप्प बसतो आम्ही."

"अगं, पण मी शपथेवर सांगतो..."

"जावईबापू, पुरे," सासरे म्हणाले. जावईबापू हा शब्द त्यांनी इतक्या कडवटपणे आजवर उच्चारला नव्हता.

मग पाटीवाल्याने कुणी न सांगता शिडी आणली. सगळे चहा-बिस्किटं घेऊन खाली उभे राहिले आणि तो वर चढून नखाने एकेक अक्षर सोलू लागला. अक्षरं निघता निघेनात. इतकी पक्की, इतकी घट्ट बसवलेली ओळ त्याच्या हातून कधी गेली नव्हती. ‘वापर झाल्यावर’ निघेपर्यंत त्याची बोटं दुखायला लागली. ‘भरपूर’पाशी तर नखच तुटलं. खालून न्हावी सूचना करत होता. ज्याच्यावर खरोखर जळायचं त्याच्यावर इतकी वर्षं मनसोक्त जळून कुणी ‘हूं’ म्हटलं नाही, आणि आज काही केलं नाही तर भर रस्त्यात ही शिक्षा! चोर सोडून संन्याशाला सुळी, असं पाटीवाल्याच्या मनात आलं, आणि मग आपण अगदी संन्यासीही नाही हेही आलं.

सगळ्यात वाईट त्याला वाटत होतं ते बायकोचं. तिने बजावलं होतं, कुणी बोट ठेवता कामा नये. आता लग्न झाल्यापासून वाट पाहिलेलं ते कौतुकाचं वाक्य ह्या जन्मी ऐकायला मिळायचं नाही, हे पाटीवाल्याने शिडीवरच मान्य करून टाकलं. खाली उतरून त्याने सगळ्यांना नमस्कार केला. तो कुणी घेतला नाही. बायको पदराचं टोक तोंडाशी धरून त्याच्या मागोमाग निघाली.

दोघं रस्त्याने चालू लागली. पाटीवाला पुढे, बायको चार पावलं मागे. दुकानांच्या पाट्या एकामागून एक जात होत्या, बऱ्याचशा त्यानेच केलेल्या. आज त्याला त्यांच्याकडे बघवेना. वळणावर पोचल्यावर मागून विचित्र आवाज आला. बायको रडतेय असं वाटून तो घाईने वळला.

बायको एका बंद दुकानाच्या शटरला टेकून हसत होती. इतकी हसत होती की तिला उभं राहवत नव्हतं.

"आईने... दुसऱ्यांदा... काय वाचलं हो!" ती कशीबशी म्हणाली. अबोला संपला होता. "आणि धाकटीचं तोंड बघितलंत? आणि तुमचं ते नाटक! ‘दोन कात्र्या, एक नाकावर’! मला तर भीती वाटत होती की तुम्हीच आधी हसाल. मान खाली घालून बसले म्हणून बरं."

पाटीवाला तिच्याकडे पाहतच राहिला. "तू... तू वाचलं होतंस ते? चिकटवताना?"

"न वाचता चिकटवीन? इतकी वर्षं काय करतेय मी? ती पाणी ओतायची ओळ तर मला तोंडपाठ आहे, किती वेळा बसवलीय!" तिने डोळे पुसले. "यंत्रातून बाहेर आली तेव्हा मी आधी गारच पडले. म्हटलं, ओरडून विचारावं. मग लक्षात आलं. दिवसभर मी धाकटीचे ते, धाकटीचे ते करते, तिचा तो फोटो, तिचं ते दुकान, आणि माझ्या जिवाची काय आग होते ते कुणाला कळत नाही असं मला वाटत होतं. ह्यांना कळलं! म्हणून मग बोलले नाही. पट्टी लावून मध्य काढला. एक बुडबुडा राहू दिला नाही."

"म्हणूनच निघत नव्हतं," पाटीवाला पुटपुटला.

"हो ना!" ती अभिमानाने म्हणाली. मग त्याच्या जवळ आली आणि त्याच्या तुटक्या नखाकडे बघून हळूच म्हणाली, "एक सांगू? धाकटीच्या त्यांना सात जन्मांत असं काही सुचायचं नाही. सगळ्यांसमोर शिडीवर चढलात, एवढं ऐकून घेतलंत, पण कबूल म्हणून झाला नाहीत. आमच्या ह्यांच्यासारखं मात्र कुणाला जमायचं नाही."

पाटीवाल्याने तोंड उघडलं. संध्याकाळपासून तो एकच गोष्ट ओरडून ओरडून सांगत होता, आणि ती खरी होती. एफ-फोर, दोन कात्र्या, काडेपेटीएवढी खिडकी. सगळं ओठांवर तयार होतं. समोर बायको उभी होती, अर्धवट मिटलेले डोळे पूर्ण उघडून, आणि तिच्या चेहऱ्यावर आज खरोखरच एक ठिपका नव्हता.

"पण मला तरी खरं सांगा," ती म्हणाली. "मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम म्हणजे?" पाटीवाला म्हणाला. "त्याने पाटी मागितली त्याच दिवशी ठरवलं होतं मी."